पैची रुजवात

मराठी मध्यमवर्गीय घरात वाढणाऱ्या मुलाला दोन विषयांचे शिक्षण घरातच मिळावयाचे असते, कारण ते कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात नसतात: एक देवाधर्माचा आणि दुसरा पैशाचा. या दोहोंना आपण देतो ती वागणूक मात्र परस्परांच्या अगदी उलट असते. श्रद्धेविषयी घर अखंड बोलत असते. तिन्हीसांजेला शुभंकरोति, परीक्षेच्या तोंडावर अथर्वशीर्षाची आवर्तने, श्रावणातला सत्यनारायण, आजीची एकादशी, आणि या सर्वांवर पुन्हा वडीलधाऱ्यांचे भाष्य. पैशाविषयी तेच घर अवाक्षर काढत नाही. वडिलांचे वेतन किती, सदनिकेच्या कर्जाचा हप्ता किती आणि तो किती वर्षे चालावयाचा आहे, धाकट्या आत्याच्या लग्नासाठी उचललेली रक्कम फिटली की अजून काही बाकी आहे, यांपैकी एकही गोष्ट दहावीत शिकणाऱ्या मुलाला ठाऊक नसते, आणि त्याने विचारलेच तर ‘तू अभ्यासाकडे लक्ष दे, हे बघायला आम्ही आहोत’ या एका वाक्यात त्याची बोळवण होते. पुढे तो पंधरा-सोळा वर्षांचा झाला, म्हणजे पाठ केलेली स्तोत्रे एकेक करून ओठांवरून गळून पडतात, हातातल्या मोबाइलमधून पैसा पाण्यासारखा वाहू लागतो, आणि आईबाप दोन निरनिराळ्या तक्रारी करू लागतात: मुलाला देव नको झाला आहे, आणि मुलाला पैशाची किंमत नाही.

माझ्या मते ही तक्रार एकच आहे. कुमारवयाच्या मुलापर्यंत घराची श्रद्धा जाऊन पोहोचते ती घराच्या जमाखर्चाच्या वाटेने. जी श्रद्धा कीर्दीत कोठेच दिसत नाही ती त्याला खरी वाटत नाही, आणि ती त्याने खरी मानावी असा आग्रह धरण्याचा आपल्याला अधिकारही नाही.

या विधानाला आधार शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. एकनाथांच्या चरित्रातील पैच्या चुकीची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. पैठणचा हा आईबापांवेगळा मुलगा कोवळ्या वयात घर सोडून देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेला. स्वामी हे विरक्त वनवासी नव्हते, यवनी अंमलातील त्या बलाढ्य किल्ल्याचे ते किल्लेदार होते, आणि त्यांनी या शिष्याच्या हाती दिले ते दफ्तर. एके दिवशी हिशेबात एका पैचा मेळ बसेना. मुलाने रात्रभर समईच्या उजेडात वह्या चाळल्या, पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, आणि त्या आवाजाने जागे झालेल्या स्वामींनी त्याला सांगितले की एका पैची चूक सापडल्याने जर एवढा आनंद होतो, तर संसाराच्या हिशेबातील थोरली चूक सापडल्यावर तो केवढा होईल! (पै हे नाणे त्या काळी देवगिरीच्या बाजारात चालत होते काय, हा प्रश्न नाणकशास्त्रज्ञांनी खुशाल सोडवावा, कथेचे त्यावाचून काही अडत नाही.)

कीर्तनकार ही कथा सांगतात तेव्हा पै हे केवळ निमित्त ठरते. ती सापडते, तिचे काम संपते, आणि श्रोत्यांचे लक्ष परमार्थाकडे वळवले जाते. मला ही मांडणी अन्यायाची वाटते. स्वामींनी त्या मुलाची अनुग्रहाची लायकी कशात पाहिली, हे नीट ध्यानात घ्यावे. पै कोणाचीच गेली नव्हती. सकाळी कोणी विचारलेही नसते. स्वतःच्या खिशातून एक पै टाकून मेळ बसवण्याची वाटही मोकळी होती. कोणी पाहत नसताना आणि दंडाचे भय नसताना खरेपणासाठी एक रात्र जागून काढणे, याहून श्रद्धेची वेगळी व्याख्या करता येईल असे मला वाटत नाही. शिवाय स्वामींनी स्वतः उठून ती चूक काढून दिली नाही, हेही या कथेतले मोठे शिक्षण आहे. आजच्या बापाने ती दोन मिनिटांत काढून दिली असती, आणि वर मुलाला झोपावयास पाठवले असते. दफ्तराचा हा संस्कार नाथांच्या वाणीतून अखेरपर्यंत गेला नाही. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र अशा दरबारी कागदांच्या रूपात त्यांनी भारुडे रचली, ती कचेरीची भाषा देवाच्या दारी नेण्यात त्यांना कसलाही विटाळ वाटला नाही म्हणूनच.

पंधरा वर्षांचे मूल हे घराचे सर्वांत कडक लेखापरीक्षक असते. सात वर्षांच्या मुलाला सांगितलेले पटते. पंचवीस वर्षांच्या तरुणाला जगाच्या रीतीची सवय होऊन तो क्षमाशील झालेला असतो. मधल्या वयात मात्र बोलणे आणि करणे यांतील तफावत टिपण्याची एक निर्दय दृष्टी माणसाला लाभते. वडील रोज स्नानानंतर पोथी वाचतात आणि घर विकताना किमतीचा काही भाग रोखीने घेऊन खरेदीखतात त्याचा उल्लेख टाळतात, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. देणगीच्या नावाखाली प्रवेशाचे पैसे उकळण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि तरीही आपल्या प्रवेशासाठी कोणाच्या हाती पाकीट गेले, हे त्याला घरातल्या दबक्या आवाजांवरून कळते. आणि त्याच आठवड्यात प्रवेश मिळाल्याबद्दल घरी सत्यनारायण झाला, तर त्या पूजेचा अर्थ तो आपल्या पद्धतीने लावतो. अशा मुलाने पुढे देवघराकडे पाठ फिरवली, तर त्याची श्रद्धा उडाली असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याने ताळेबंद तपासला आणि त्यावर सही करण्यास नकार दिला, एवढेच घडलेले असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. श्रद्धा ही व्यवहारापलीकडची वस्तू. तिला जमाखर्चाशी बांधले तर तिचाही सौदा होईल, असे म्हणणारे सज्जन आपल्यात पुष्कळ आहेत. सौद्याचे भय खरे आहे; परंतु तो सौदा आजच आपल्या घरांत राजरोस चालू आहे, आणि त्याचे नाव नवस. नव्वद टक्के गुण पडले तर अमुक देवाला पायी येईन, या बोलीवर वाढलेल्या मुलाला देव म्हणजे काम झाल्यावर मोबदला घेणारा एक अडत्या वाटला, तर दोष त्याचा नव्हे. दान आणि नवस यांतील भेद त्याला उपदेशाने समजणार नाही. महिन्याच्या आरंभी, फळाची कोणतीही अट न घालता, घराच्या उत्पन्नातून एक ठराविक हिस्सा बाजूला निघताना तो पाहील, आणि ज्या महिन्यात ओढाताण आहे त्या महिन्यातही तो हिस्सा निघताना पाहील, तेव्हा समजेल. इस्लामने या बाबतीत गणिताची लाज बाळगलेली नाही: ठरलेल्या मर्यादेहून अधिक संपत्ती वर्षभर शिल्लक राहिली तर तिचा चाळिसावा हिस्सा जकातीचा, आणि तो काढावयाचा तर आपल्याजवळ काय आहे व आपण कोणाचे काय देणे लागतो, हे बैजवार मांडल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे हे धर्मकृत्य पार पाडण्यासाठी माणसाला निदान वर्षातून एकदा स्वतःचा ताळेबंद करावाच लागतो. आमच्याकडे दक्षिणा यथाशक्ति. आणि ती शक्ती किती, याची मोजदाद सहसा होत नाही.

दुसरे उदाहरण तुकोबांचे. त्यांच्या चरित्रातून आपण वैराग्य तेवढे उचलतो, आणि त्या वैराग्याच्या तळाशी असलेला चोख व्यवहार विसरतो. देहूचे हे घर महाजनकीचे, सावकारीचे. थोरल्या भावाचे मन संसारात नाही म्हणून वडिलांनी व्यापाराची जबाबदारी तेरा वर्षांच्या तुकोबांवर टाकली आणि काही वर्षे त्यांनी ती उत्तम सांभाळली, असे चरित्रपरंपरा सांगते. पुढे आईबाप गेले, दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गेला, मन उठले, आणि कर्जाची खते इंद्रायणीत बुडवण्याचा प्रसंग आला. हा प्रसंग चित्रांतून, चित्रपटांतून सर्वांना परिचित आहे. त्याच्या आधीचा एक तपशील मात्र कोणी चितारत नाही. परंपरा म्हणते की खतांची आधी वाटणी झाली. अर्धी खते धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या स्वाधीन करण्यात आली, आणि तुकोबांनी नदीत सोडली ती आपल्या वाट्याची. वैराग्याच्या ऐन भरातही दुसऱ्याच्या हिश्श्यावर उदार होण्याचा आपल्याला हक्क नाही, हे ज्याला उमगले होते तो मनुष्य व्यवहार सोडून देण्यापूर्वी व्यवहार पुरता शिकलेला होता. सोळा वर्षांच्या मुलाला त्यागाची महती सांगावयाची असेल तर ही वाटणी आधी सांगावी.

व्यवहारशिक्षणाच्या बाबतीत आपला कायदा आपल्या घरांहून शहाणा आहे, असे कधी कधी वाटते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुलाला बँकेने ठरवलेल्या मर्यादेत आपले बचत खाते स्वतः चालवता येते. मात्र त्या खात्यात नेहमी शिल्लकच असली पाहिजे, उणे बाकी चालत नाही. उलटपक्षी, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका गहाणखताच्या दाव्यात अज्ञानाशी केलेला करार मुळातच रद्दबातल असतो असा निर्वाळा दिला. दोन्ही नियम शेजारी ठेवले तर दहा ते अठरा ही आठ वर्षे एका विशेष प्रयोजनाची दिसू लागतात: या काळात माणसाने पैसा राखावा, खर्चावा, चुकावे, परंतु कर्जात पडू नये. चूक होईल ती शिलकीपुरती होईल. आपण मात्र ही आठ वर्षे क्लासच्या फीमध्ये घालवतो, आणि अठरावा वाढदिवस उलटला की ज्याने कधी स्वतःचा पन्नास रुपयांचा हिशेब लिहिलेला नाही, त्याच्या मोबाइलवर ‘आता घ्या, नंतर भरा’ म्हणणारे सावकार ओळीने उभे राहतात. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली संसदेला कायद्याने बंदी घालावी लागली. त्याच्या आधी किती घरांत मुलाने खात्यातून काय उडवले हे बापाला बँकेचा उतारा पाहून कळले असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

कर्जाचा विषय निघालाच आहे, तर ‘श्यामची आई’चे स्मरण अपरिहार्य आहे. साने गुरुजींचे हे पुस्तक आपण संस्कारांचे पुस्तक म्हणून मुलांच्या हाती देतो, आणि ते तसे आहेच; परंतु कोकणातल्या एका घराण्याचा कर्जाने झालेला विध्वंस ही त्याची दुसरी बाजू आहे, आणि तिच्याविषयी आपण मुलांशी कधी बोलत नाही. त्या घरात श्रद्धेला उणीव नव्हती, प्रेमाला नव्हती. व्याज वाढत गेले, वसुलीसाठी सावकाराचा माणूस दारात येऊन त्या माउलीला नाही ते बोलला, आणि अखेर घरावर जप्ती आली. ती थोर स्त्री खचली ती या अपमानाने. आईच्या डोळ्यांतील पाण्यावरून ज्यांना घरच्या कर्जाचा सुगावा लागतो, त्या मुलांच्या मनात पैशाविषयी एक भय घर करून राहते, आणि भीतीपोटी केलेली काटकसर ही सवय नसते, तो व्रण असतो.

म्हणून, मुलांवर घरच्या चिंतेचे ओझे नको, या दुसऱ्या आक्षेपाचे मला फारसे महत्त्व वाटत नाही. ओझे आकड्याचे नसते, अंधाराचे असते. माझ्या परिचयातील एका कुटुंबात महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणाचे टेबल पुसून झाले की खर्चाची वही निघते. अकरावीतली मुलगी लिहिते, वडील सांगतात, आई मध्येच दुरुस्ती करते: गॅस, वीज, हप्ता, आजोबांची औषधे, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी. एकदा त्या वर्गणीपुढे वडिलांनी सांगितलेला आकडा लिहिण्याऐवजी मुलीने पेन खाली ठेवले आणि विचारले, की घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी मुलाच्या फीसाठी उचल मागितली तेव्हा आपण या महिन्यात जमणार नाही म्हणालो होतो, मग हे कसे जमले? बराच वेळ कोणी काही बोलले नाही. त्या रविवारी वर्गणी अर्धी झाली. माझ्या दृष्टीने त्या घरात त्या दिवशी जेवढी धर्मचर्चा झाली तेवढी वर्षभराच्या प्रवचनांत झाली नसेल. आणि ती मुलीने केली, हे तर अधिकच महत्त्वाचे आहे.

कारण आपल्या समाजात या दोन वारशांची वाटणीही विचित्र झालेली आहे. श्रद्धा आईकडून मुलीकडे जाते, आणि पैसा बापाकडून मुलाकडे. वटपौर्णिमा, मंगळागौर, हळदीकुंकू, चातुर्मासाचे नेम यांचा भार मुलीने उचलावा. सातबारा, मुदतठेव, विम्याचे कागद यांची कपाटे मुलाला दाखवावीत. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली कायद्याने दिला; परंतु ज्या कागदांत तो वाटा आहे ते कागद वाचावयास तिला अजून क्वचितच कोणी बसवते, आणि वाटणीच्या वेळी भावाच्या प्रेमाखातर हक्कसोडपत्रावर सही करताना ती काय सोडते आहे याचा आकडाही तिला सांगितला जात नाही. परिणामी एका वारसाजवळ खर्चाची सत्ता नसलेली भक्ती उरते, आणि दुसऱ्याजवळ कशापुढेही न नमणारा पैसा.

घराबाहेर मात्र एक संस्था अशी आहे की जेथे या वयाची मुले श्रद्धा आणि पैसा ही दोन्ही एकाच वेळी हाताळतात, आणि तिच्याकडे आपण गोंगाटापलीकडे काही म्हणून पाहत नाही. ती म्हणजे गल्लीतले गणेशोत्सव मंडळ. टिळकांनी १८९३-९४ च्या सुमारास या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे राजकारण होते. परंतु आज कितीतरी मुलांना आयुष्यातले पहिले पावतीपुस्तक याच उत्सवात हाती मिळते. ते पुस्तक जवळून पाहावे. वर गणपतीचे चित्र, खाली मंडळाचा नोंदणी क्रमांक, नाव, रुपये आकडी, रुपये अक्षरी, आणि मध्ये घातलेला निळा कार्बन. देणाऱ्याची पावती फाटून गेली तरी खालची स्थळप्रत पुस्तकात राहते, आणि शेवटी खजिनदाराकडे जमा होते ती रक्कम या स्थळप्रतींशी जुळली पाहिजे. वर्गणी गोळा करावयाची तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीची परवानगी लागते, आणि उत्सव संपल्यावर हिशेब द्यावा लागतो. मांडववाल्याला इसार किती दिला, रोषणाईवाल्याची बाकी किती, मूर्तिकाराला विसर्जनापूर्वी पैसे पोहोचले की नाही, हे सर्व पंधरा-सोळा वर्षांची मुले डोळ्यांनी पाहतात.

आणि याच पुस्तकाशी त्यांची परीक्षाही होते. एखादा दुकानदार गर्दीच्या वेळी दोनशे रुपये पुढे करतो, मुलगा पेन काढतो, तोच बरोबरचा थोरला कार्यकर्ता त्याचा हात दाबून म्हणतो, ‘राहू दे, पावती नको फाडूस.’ त्या दोनशे रुपयांचा वडापाव सर्वांत वाटला जातो. फार मोठा अपहार झाला असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या मुलाने तो वडापाव खाल्ला त्याला त्या क्षणी दोन गोष्टी एकदम कळलेल्या असतात: देवाच्या नावाने मागितलेल्या पैशाला हिशेब नसतो, आणि हिशेब नसला तरी आरती होते. पुढे आयुष्यभर त्याला ट्रस्टींच्या, पुढाऱ्यांच्या, बुवांच्या कारभाराविषयी आश्चर्य वाटत नाही, याचे मूळ मला या वडापावात दिसते. उलट ज्या मंडळांच्या मांडवाबाहेर अनंतचतुर्दशीनंतर आठवड्याभरात जमाखर्चाचा फलक लागतो, तेथील पोरांनी गुलालात कितीही धिंगाणा घातला तरी मी त्यांच्याविषयी निश्चिंत असतो. आईबापांनी मुलाला मंडळात जाण्यापासून अडवू नये. फक्त रात्री घरी आल्यावर, आज किती पावत्या फाटल्या, एवढे विचारावे.

इतके करूनही मुलगा देव मानीलच याची हमी मी देऊ शकत नाही, आणि देऊ इच्छितही नाही. प्रामाणिक घरातूनही नास्तिक निपजतात. किंबहुना बोलणे व करणे यांचा मेळ घालण्याची सवय ज्यांना घरात लागते तेच विश्वासाच्या बाबतीतही अधिक काटेकोर होतात, आणि जे पटत नाही ते पटले असे म्हणत नाहीत. गोपाळ गणेश आगरकर हे याचे आपल्याकडील ठळक उदाहरण. टेंभूच्या अत्यंत दरिद्री घरातला हा मुलगा पडेल ते काम करून एम. ए.पर्यंत पोहोचला, आणि ईश्वराच्या प्रश्नावर पुढे अज्ञेयवादी झाला. परंतु शिक्षण संपण्याच्या सुमारास त्याने आईला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. मोठमोठ्या परीक्षा देणारा मुलगा आता भरपूर पगार आणील असे मनोरथ तू करीत असशील, पण पोटापुरता पैसा मिळवून बाकीचा वेळ परहितात घालवण्याचे मी ठरवले आहे, असे त्याने तिला आगाऊ कळवून टाकले. पत्रात ग्रहदशेचा हवाला नाही, देवाची साक्ष नाही. आपल्याकडून काय येणे धरावे आणि काय धरू नये, एवढेच त्या माउलीला त्याने सांगून ठेवले आहे, तिने भलत्या भरवशावर राहू नये म्हणून. सांजवात लावणाऱ्या पुष्कळ मुलांनी असे पत्र कधी आईला लिहिलेले नसते. आणि ते लिहिण्याआधी घरात किती आहे व किती लागते याची मुलाला पुरती जाणीव असावी लागते. आगरकरांच्या घरी हे लपवून ठेवण्याची चैन कोणालाच परवडणारी नव्हती.